फॉस्टरचा हात लाकडावर घडला

गेल्या आठवड्यात क्लास सुटल्यावर तू मागे थांबलीस आणि विचारलंस, "सर, बर्केट फॉस्टरचं एवढं कौतुक करता, पण तो तर पुस्तकांची चित्रं काढणारा माणूस. तो जलरंगाचा मोठा चित्रकार कसा झाला? आणि इलस्ट्रेशनच्या कामाने हात बिघडतो म्हणतात, ते खरं आहे का? आपल्याकडे असं कुणी झालं का?" तेव्हा घाईघाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं, ते माझं मलाच पटलं नाही. तीस वर्षं मी पुस्तकांसाठी चित्रं काढतोय आणि जवळपास तितकीच वर्षं जलरंगात निसर्गचित्रं करतोय. हा प्रश्न मलाही कितीदा तरी पडलेला आहे. म्हणून आता बसून नीट लिहितो.

आधी थेट उत्तर. इलस्ट्रेशनने हाताला वळण लागतं आणि ते वळण आयुष्यभर सुटत नाही. फॉस्टरला त्या वळणाने नाव दिलं, पैसा दिला, घर दिलं. त्याच्या चित्रांत मला जे खटकतं तेही त्याच वळणातून आलंय. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कामात इतक्या स्वच्छ दिसतात, म्हणून मी त्याचं नाव पुन्हा पुन्हा घेतो.

मायल्स बर्केट फॉस्टर १८२५ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थ शील्ड्सला जन्मला. घराणं क्वेकर पंथाचं, साधेपणाने राहणारं. तो पाच वर्षांचा असताना सगळे लंडनला आले आणि वडिलांनी तिथे बिअर बाटल्यांत भरून विकण्याचा धंदा उभा केला. म्हणजे मुलगा चित्रकार झाला नसता तर धंद्यात गेला असता, उपाशी राहिला नसता. मुलाचा ओढा चित्रांकडे आहे हे दिसल्यावर वडिलांनी त्याला ठसे कोरणाऱ्या एका कारागिराकडे ठेवायचं ठरवलं, पण करार व्हायच्या आतच तो माणूस गेला. मग सोळा वर्षांच्या मुलाची रवानगी एबेनेझर लँडेल्स या लाकडावर कोरणाऱ्याकडे झाली. लँडेल्सही उत्तरेकडचा, न्यूकॅसलच्या बाजूचा. थॉमस ब्यूइकने लाकडावरच्या कोरीव कामाला जिथे नवं आयुष्य दिलं, ते हे गाव.

साल होतं १८४१. त्याच वर्षी लंडनमध्ये 'पंच' हे विनोदी साप्ताहिक सुरू झालं आणि ते सुरू करणाऱ्यांत लँडेल्स होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' निघालं. दर आठवड्याला चित्रं हवीत, भरपूर हवीत आणि वेळेवर हवीत. फॉस्टर अशा बाजारात शिरला जिथे कामाला तोटा नव्हता. लँडेल्सने आधी त्याला कोरायलाच बसवलं. थोड्या दिवसांत त्याच्या लक्षात आलं की हे पोर कोरण्यापेक्षा काढतं चांगलं, आणि त्याने त्याला ठोकळ्यावर चित्र काढण्याच्या कामावर घेतलं. मी तर म्हणेन, फॉस्टरच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हा, आणि तो दुसऱ्याच माणसाने घेतला.

आता तो ठोकळा काय प्रकार होता हे समजून घे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. बॉक्सवुड नावाचं फार घट्ट, पिवळसर लाकूड असतं. झाड वाढतं सावकाश, खोड बारीक. त्याचा आडवा छेद घेतात, म्हणजे आपण विळीवर मुळा आडवा चिरतो तसा. त्यामुळे कोरणी कुठल्याही दिशेने फिरवली तरी रेषेला लाकडाचे धागे अडवत नाहीत. खोडच बारीक असल्याने मोठं चित्र हवं असेल तर छोटे छोटे तुकडे बोल्टने एकत्र आवळायचे. साप्ताहिकात घाई असली की हे तुकडे सुटे करून चार-पाच कारागिरांना वाटायचे, रात्रभरात कोरून घ्यायचे आणि पुन्हा जोडायचे. ठोकळ्याच्या तोंडावर पांढरा लेप देऊन चित्रकार पेन्सिलीने आणि पातळ वॉशने, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराने, चित्र काढायचा, तेही उलटं, कारण छापल्यावर ते आरशासारखं फिरणार. मग कोरणारा जे पांढरं हवं ते काढून टाकायचा आणि काळं राहील ते ठेवायचा. कोरून झालं की चित्रकाराचं मूळ चित्र उरतच नसे. ते कोरणीखाली भुगा होऊन गेलेलं असे. फॉस्टरची तरुणपणातली शेकडो चित्रं अशीच गेली.

मी शिकत असताना आमच्या प्रिंटमेकिंगच्या सरांनी मला आगपेटीएवढा एक बॉक्सवुडचा तुकडा दिला होता. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर तो ठेवायचा, उजव्या हातातली कोरणी जवळजवळ स्थिर ठेवायची आणि डाव्या हाताने ठोकळा फिरवायचा. मी पिंपळाचं एक पान कोरायला घेतलं. चार दिवसांनी पान झालं, पण पानाभोवतीची हवा काही केल्या जमेना. मागची राखाडी छटा आणायला बारीक समांतर रेषा एकाच खोलीच्या पडाव्या लागतात. एक जरी खोल गेली तर आकाशात पांढरा ओरखडा दिसतो आणि तो पुसता येत नाही. तेव्हा कळलं, ज्याने हे काम जवळून पाहिलंय तो माणूस ढोबळ पान काढणारच नाही. पेन्सिलीची प्रत्येक रेघ उद्या कुणाला तरी कोरायची आहे, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं.

लँडेल्सची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. उन्हाळ्यात काम मंद असलं की तो फॉस्टरला सांगे, रंग घे, शेतात जा, समोर दिसेल ते तपशिलासकट उतरव, झाडं आणि पुढच्या बाजूची रोपटी विशेष लक्ष देऊन काढ, आणि महिन्यातून एकदा मला आणून दाखव. धंदा चालवणारा माणूस उमेदवाराला सुट्टीत घरी पाठवू शकला असता. त्याने शेतात पाठवलं. फॉस्टरच्या पुढच्या पन्नास वर्षांतल्या कुंपणावरच्या वेली, चिखलातल्या चाकोऱ्या, ओढ्याकाठचं गवत हे सगळं त्या उन्हाळ्यांचं आहे.

१८४६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं काम सुरू केलं. प्रकाशकांकडे चित्रं घेऊन हिंडणं तेव्हाही तसंच होतं, आज आहे तसंच. हेन्री व्हिझेटेली या मुद्रक-प्रकाशकाने त्याला मुलांसाठी ऋतूंवरची पुस्तकं दिली. मग १८५० मध्ये लाँगफेलोच्या 'इव्हँजेलिन' या दीर्घकाव्याची सचित्र आवृत्ती आली आणि फॉस्टरचं नाव घराघरांत पोचलं. लाँगफेलोच्याच 'हायपेरियन'साठी तो व्हिझेटेलीबरोबर ऱ्हाईन नदीच्या काठाने जाऊन जागच्या जागी स्केचेस करून आला. कल्पनेने किल्ले काढून भागलं असतं, वाचणाऱ्यांपैकी किती जण तिथे गेले होते? तरी गेला. पुढे मिल्टन, कूपर, वर्ड्सवर्थ, ग्रे, गोल्डस्मिथ असे इंग्रजी कवी एकामागून एक त्याच्या चित्रांसह छापले गेले. नाताळात भेट द्यायची जाड पुठ्ठ्याची, सोनेरी कडांची पुस्तकं हा त्या काळातला मोठा धंदा होता आणि त्या धंद्यात फॉस्टरचं नाव मुखपृष्ठावर असणं म्हणजे पुस्तक खपणं.

इथे एडमंड एव्हन्सबद्दल सांगायलाच हवं. तोही लँडेल्सकडचाच उमेदवार, फॉस्टरबरोबर एकाच खोलीत बसून शिकलेला. पुढे तो रंगीत छपाईतला इंग्लंडमधला सर्वांत नावाजलेला माणूस झाला. वॉल्टर क्रेन, केट ग्रीनअवे आणि रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांची मुलांची पुस्तकं त्याच्याच छापखान्यात रंगली. पण त्याच्या रंगीत छपाईचा पाया १८५९ च्या गोल्डस्मिथच्या कवितांच्या आवृत्तीने घातला, आणि तिची चित्रं फॉस्टरची. पद्धत अशी: फॉस्टरने ठोकळ्यावर चित्र काढलं, एव्हन्सने कोरलं, मग काळ्या रेषेचा एक कच्चा छाप काढून फॉस्टरकडे पाठवला. त्या छापावर फॉस्टरने स्वतःच्या हाताने जलरंग भरले. तो रंगवलेला कागद समोर ठेवून एव्हन्सने प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा कोरला आणि छापाचे रंग त्याला जुळवले.

ही पद्धत मी जपून ठेवली आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने माझी कोकणातल्या पावसाची चित्रं छापली आणि सगळी हिरवाई शेवाळासारखी काळी पडली. मूळ चित्र त्यांनी पाहिलंच नव्हतं, फक्त स्कॅन. पुस्तक लहान मुलांचं, आणि मुलं पावसाचं पान पटकन उलटून पुढे जायची. तेव्हापासून मी प्रेसमध्ये छापाची शीट मागवतो, तिच्यावरच रंगाने दुरुस्ती करून परत देतो आणि म्हणतो, याला जुळवा. दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन मित्रांची युक्ती, अजून चालते.

१८५९ हे साल फॉस्टरच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं. त्या वर्षी त्याची बायको वारली. पाच मुलं, वय चौतीस. आणि त्याच सुमारास त्याने ठरवलं की आता ठोकळ्यांचं काम कमी करायचं आणि जलरंगाला वाहून घ्यायचं. पुस्तकांच्या धंद्यात तो शिखरावर होता. कामं नाकारायची वेळ आली होती. अशा वेळी नवीन उमेदवार होऊन उभं राहणं सोपं नसतं, घरी पाच लेकरं असताना तर नाहीच. पण एक लक्षात घे, त्याने उडी मारली ती आधी पाण्याचा अंदाज घेऊन. आधीची काही वर्षं सरे परगण्यातल्या मोकळ्या रानात उन्हाळे घालवून तो रंगात तयारी करत होता. १८६० मध्ये जुन्या जलरंग सोसायटीने त्याला सहसभासद करून घेतलं, १८६२ मध्ये पूर्ण सभासद.

ही सोसायटी म्हणजे त्या काळच्या जलरंग चित्रकाराचा कणा. १८०४ मध्ये काही चित्रकारांनी ती काढली, कारण रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनात जलरंगांना मान नव्हता. तैलचित्रांच्या गर्दीत ती मरून जायची. इथे फक्त जलरंग, सभासदांची संख्या मोजकी, आणि सभासद झालात की दरवर्षी भिंत पक्की. १८६२ पासून उन्हाळ्याच्या प्रदर्शनाबरोबर स्केचेस आणि अभ्यासचित्रांचं हिवाळी प्रदर्शनही सुरू झालं. म्हणजे वर्षातून दोनदा गिऱ्हाईक. घेणारे बरेचसे कारखानदार, व्यापारी, डॉक्टर, वकील. त्यांच्या बैठकीच्या खोलीत मावतील अशी लहान चित्रं फॉस्टर करायचा. कित्येक चित्रं तर वहीच्या पानाएवढी.

आता त्याच्या रंगकामाबद्दल, कारण तुझा खरा प्रश्न तिथेच आहे. आपण वर्गात जे शिकवतो, भरपूर पाणी, ओल्यावर ओलं, कागदाचा पांढरेपणा राखून ठेवायचा, एकदा टाकलेला वॉश परत ढवळायचा नाही, त्यातलं फॉस्टर जवळपास काहीच पाळत नाही. त्याचा ब्रश बारीक आणि कोरडा. रंग थेंबाथेंबाने, टिपक्याटिपक्याने चढवलेला. एका मुलीच्या गालावर निळसर, गुलाबी आणि पिवळट ठिपके शेजारी शेजारी, दुरून पाहिलं की कातडी. आणि पांढरा रंग सढळ हाताने मिसळलेला. विन्सर अँड न्यूटनने १८३४ मध्ये झिंकचा 'चायनीज व्हाइट' बाजारात आणला. त्याआधीचा शिशाचा पांढरा जलरंगात काळा पडायचा. झिंकचा पडत नाही. पुढच्या पिढीने या पांढऱ्याचा मनसोक्त वापर केला आणि जुन्या लोकांनी नाकं मुरडली, की हा पारदर्शक रंग राहिलाच नाही. पण भिंतीवर शेजारी सोनेरी चौकटीतली तैलचित्रं असताना आपलं चित्र फिकं पडू नये, ही गरज खरी होती.

ही पद्धत त्याने कुठून आणली? ठोकळ्यावरून. कोरणीने एकेक पांढरी रेघ, एकेक पांढरा ठिपका उचलून छटा बनते, तशीच त्याच्या ब्रशने बनते. पांढरा रंग तो जिथे लावतो त्या जागा बघ: पानाची उजेडातली कड, मेंढीच्या पाठीची वरची रेघ, घराच्या धुरांड्यातून निघणारा धूर. कोरणाऱ्याने ठोकळ्यात ज्या जागा खोदून काढल्या असत्या, अगदी त्याच. मला हे कळलं ते एका सुट्या पानामुळे. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुन्या छापांच्या गठ्ठ्यात एक पान सापडलं, कोपऱ्यात 'डॅल्झिएल' अशी कोरणाऱ्या भावांची सही आणि दुसरीकडे फॉस्टरची बी आणि एफ ही अक्षरं गुंतवून केलेली खूण. १८६३ च्या 'पिक्चर्स ऑफ इंग्लिश लँडस्केप' या पुस्तकातलं ते पान. तीस चित्रांचं हे पुस्तक रूटलेज या प्रकाशनसंस्थेने काढलं आणि डॅल्झिएल बंधूंनी कोरलं. भिंगाखाली ते पान धरलं तर झाडाची पानं म्हणून काही नाहीच. नुसते काळ्यातले पांढरे स्वल्पविराम, हजारो, प्रत्येकाचा कल थोडा वेगळा. भिंग बाजूला केलं की वाऱ्यात हललेलं झाड. माझं स्पष्ट मत आहे की फॉस्टरचं सर्वोत्तम काम त्याच्या रंगीत चित्रांपेक्षा या काळ्या-पांढऱ्या तीस चित्रांत आहे. उजेड तिथे खरा वाटतो. रंगात तो कधी कधी साखरेच्या पाकात बुडाल्यासारखा होतो.

पैशाचं बोलायचं तर त्याची भरभराट झाली. १८६० च्या दशकात त्याने सरेमधल्या विटलीला स्वतःच्या मनासारखं मोठं घर बांधलं, नाव 'द हिल'. घराची अंतर्गत सजावट विल्यम मॉरिसच्या कंपनीची, परीकथांची चित्रं असलेल्या टाइल्स तिचीच. त्यातल्या काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जेवणाच्या खोलीसाठी बर्न-जोन्सने सेंट जॉर्ज आणि राक्षसी सर्पाच्या गोष्टीची सात चित्रं केली. विचार कर, शेतातली पोरं आणि बदकं काढणारा चित्रकार स्वतःच्या घरात लावायला आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या चित्रकाराला बोलावतो. त्याच्या नजरेचा आवाका त्याच्या चित्रांपेक्षा मोठा होता, याचा मला हा पुरावा वाटतो. १८६४ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. घर कायम मित्रांनी भरलेलं असे. चित्रकार फ्रेडरिक वॉकर आणि 'पंच'चा चित्रकार चार्ल्स कीन हे नेहमीचे. व्हेनिसला तो अनेकदा गेला आणि चार्ल्स सीली या श्रीमंत संग्राहकाने त्याच्याकडून व्हेनिसची पन्नास जलरंग चित्रं पाच हजार पौंडांना करून घेतली. एका चित्राला शंभर पौंड, तेही एकगठ्ठा. आजच्या हिशोबातही कुणा जलरंग चित्रकाराला असं काम मिळालं तर आपण पेढे वाटू.

आता खटकणारी बाजू, जी मी वर्गात घाईत नेहमी टाळतो. फॉस्टरच्या गावात कुणी उपाशी नाही. सगळी मुलं गुबगुबीत, सगळ्या झोपड्यांवर वेली, संध्याकाळ नेहमी कोवळी. त्याच काळात खेड्यातली माणसं शहराकडे लोटली जात होती, मजुरी तुटपुंजी होती, लहान पोरं शेतात पाखरं हाकलायला दिवसभर उभी राहायची. फॉस्टरला हे दिसत नव्हतं असं नाही; पाखरं हाकलणारी पोरंही त्याच्या चित्रांतल्यासारखीच दिसली असती, फक्त थकलेली. पण चित्र विकत घेणारा शहरातला माणूस होता, आणि ज्या खेड्याला तो मागे सोडून आला होता ते त्याला तसंच हवं होतं, गोड आणि निवांत. पुस्तकांची चित्रं करताना आपल्याला कवीच्या ओळीला साजेसं चित्र काढायची सवय लागते. ओळ सांगते 'सुखी गाव', आपण सुखी गाव काढतो. फॉस्टरने ओळ नसतानाही ते काढणं चालू ठेवलं. तीस वर्षं तीच पाऊलवाट, तोच ओढा, तीच मुलं. हात बिघडण्याची भीती असेल तर ती इथे आहे, ब्रशच्या टोकाला नाही.

या बाबतीत हेलन ॲलिंगहॅमचा रस्ता ताडून बघण्यासारखा आहे. तीही आधी नियतकालिकांसाठी काढणारी. १८६९ मध्ये 'द ग्राफिक' हे साप्ताहिक निघालं, त्याच्या सुरुवातीच्या चित्रकारांत ती होती. हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' ही कादंबरी १८७४ मध्ये 'कॉर्नहिल' मासिकात क्रमशः आली तिची चित्रं तिचीच. त्याच वर्षी लग्न झालं आणि तिने ठोकळ्यांचं काम थांबवून जलरंग धरला. १८८१ मध्ये तीही विटलीजवळ राहायला आली, म्हणजे फॉस्टरच्या अगदी शेजारात. तिने रंगवल्या त्या जुन्या कौलारू, विटांच्या झोपड्या. गोडवा तिच्याही चित्रांत आहे, पण तिच्या झोपड्या विशिष्ट आहेत. कौल कुठे खचलंय, कुडाची दुरुस्ती कशी झालीय, हे नोंदीसारखं आहे, कारण ती घरं पाडली जात होती किंवा नव्या पद्धतीने बदलली जात होती आणि तिला ती जशी होती तशी टिपायची होती. १८८९ मध्ये नवरा गेला, पुढच्याच वर्षी ती त्याच जलरंग सोसायटीची (एव्हाना नावात 'रॉयल' आलेलं) पहिली पूर्ण महिला सभासद झाली. त्याआधी बायकांना सोसायटीत वेगळ्या वर्गात बसवलेलं असे. तुला या दोघांतून एकच आदर्श निवडायचा असेल तर मी ॲलिंगहॅम सांगेन.

तू आपल्याकडचंही विचारलं होतंस. थेट शिष्यपरंपरा सांगता येणार नाही. पण चित्र आणि पुस्तकचित्र ही दोन्ही कामं एकाच हाताने करणं आपल्याकडेही नवं नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर घे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आयुष्य घालवलेला माणूस, मोठमोठी तैलचित्रं करणारा, आणि त्याच वेळी पोस्टकार्डं, एस. एम. एडवर्ड्सच्या मुंबईवरच्या पुस्तकाची १९१२ मधली चित्रं, ऑटो रॉथफेल्डच्या भारतातल्या स्त्रियांवरच्या पुस्तकासाठीचे जलरंग. त्यांच्या 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'मध्ये कामाचा जो धबडगा आहे तो वाच. त्या स्त्रियांच्या चित्रांत लुगडं नेसण्याची प्रत्येक तऱ्हा वेगळी आहे, नुसती 'भारतीय स्त्री' कुठेच नाही. मी ॲलिंगहॅमच्या कौलाबद्दल जे म्हणालो तेच इथे.

एक व्यावहारिक इशारा. फॉस्टरच्या नावावर बाजारात बरंच बनावट फिरतं, त्याच्या हयातीपासून. बी-एफची खूण काढणं कुणालाही जमतं. पांढऱ्या रंगाकडे बघ. नकलेत पांढरा शेवटी वरून लावलेला दिसतो, पावडर लावल्यासारखा. फॉस्टरचा पांढरा खालच्या रंगात मिसळत मिसळत वर आलेला असतो. आणि जुने जलरंग उजेडात लटकवू नकोस. १८८८ मध्येच रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं की सूर्यप्रकाशात लाल आणि निळ्या रंगांपैकी कित्येक उडून जातात. फॉस्टरची काही आकाशं आज तपकिरी दिसतात ती संध्याकाळ म्हणून नव्हे, निळा उडाल्यामुळे.

शेवटची वर्षं शांत गेली नाहीत. तब्येत ढासळली, १८९३ च्या सुमारास 'द हिल' सोडावं लागलं आणि तो वेब्रिजला राहायला गेला. योगायोग असा की १८९३ मध्येच डॅल्झिएल बंधूंचा कारखानाही दिवाळ्यात गेला. फोटोवरून थेट जस्ताच्या ठशावर चित्र उतरवायची पद्धत आली होती, कोरणाऱ्यांची गरज संपली होती. फॉस्टर २७ मार्च १८९९ ला गेला आणि विटलीच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. एव्हन्सही त्याच विटलीत बरीच वर्षं राहिला होता, आणि त्याचं लग्नही फॉस्टरच्या भाचीशी झालेलं. लँडेल्सच्या खोलीतले दोन उमेदवार पुढे एकाच गावचे झाले.

रविवारी सकाळी ये. ते फोर्टच्या फुटपाथवरचं पान आणि भिंग दोन्ही काढून ठेवतो. येताना तुझा काळा गौश (अपारदर्शक जलरंग), एक नंबरचा ब्रश आणि पांढरी जेल पेन आण. आधी काळ्या कागदावर नुसत्या पांढऱ्याने एक चिंचेचं झाड काढायचं, पेन्सिल न लावता. मग तेच झाड पारदर्शक रंगात. दोन्ही शेजारी ठेवून बघू कुठल्या झाडात वारा येतो.